गिर्यारोहणाचं जुनं साहित्य जपायचं आणि चढणाऱ्यांना वाचायलाही द्यायचं, ते कसं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: नाशिककडच्या तुमच्या गिर्यारोहण संस्थेकडे चारेकशे पुस्तकं, हिमालयन जर्नल या हिमालयन क्लबच्या नियतकालिकाचे सुटे अंक, १९७०च्या दशकापासूनचे मोहिमांचे अहवाल, सर्व्हे ऑफ इंडियाचे नकाशे आणि स्लाइडचे (प्रोजेक्टरवर दाखवायच्या फिल्मच्या चित्रांचे) डबे जमले आहेत. एका दिवंगत सभासदाच्या घरून आणखी दोन ट्रंका येऊ घातल्या आहेत. ज्येष्ठ म्हणतात, कुलपात ठेवा, एकदा बाहेर गेलेलं परत येत नाही. तरुण म्हणतात, सगळं स्कॅन करा आणि पुस्तकं चढणाऱ्यांना द्या, नाहीतर ठेवून उपयोग काय? आणि शेवटी तुम्ही विचारलंय, की त्यापेक्षा हे सगळं एखाद्या मोठ्या ग्रंथालयाला देऊन टाकावं का.

मी पेशाने ग्रंथपाल. सुट्टीत डोंगर, त्यामुळे गिर्यारोहण संस्थांची कपाटं लावायचं काम आपसूक माझ्याकडे येत गेलं. त्या कामातून जे कळलं ते सांगतो. जागा किती, माणसं किती आणि पावसाळ्यात तुमच्या खोलीत ओल किती, यावर बरंच अवलंबून आहे. ते जिथे येईल तिथे म्हणेनच.

तुमच्याकडे वाद दिसतोय, पण दोन्ही बाजू वेगवेगळ्या वस्तूंबद्दल बोलताहेत. एकाच कपाटात एक ग्रंथालय आहे आणि एक दफ्तर, म्हणजे जपून ठेवायच्या मूळ कागदांचा संग्रह, आहे. ग्रंथालयातली वस्तू वापरून झिजली तरी चालते, दफ्तरातली झिजून चालत नाही. दोन्हींना एकच नियम लावला की एक तर पुस्तकं पडून राहतात किंवा कागद गहाळ होतात. म्हणून पहिलं काम स्कॅनिंग नाही आणि नियमावलीही नाही. पहिलं काम निवड. प्रत्येक वस्तू हातात घ्यायची आणि विचारायचं, ही उद्या हरवली तर दुसरी मिळेल का?

छापील पुस्तक, जे बाजारात किंवा जुन्या पुस्तकांच्या दुकानात मिळू शकतं, ते बिनदिक्कत वाचायला द्या. हिमालयन जर्नल १९२९पासून निघतं आणि त्याचे अंक हिमालयन क्लबच्या संकेतस्थळावर वाचता येतात. त्यामुळे मजकूर जाईल ही भीती तिथे नाही. जुने बांधीव खंड दुर्मीळ असतील तर खोलीत बसून वाचायला द्या, बाकीचे घरी नेऊ द्या. पण सायक्लोस्टाइल केलेला (स्टेन्सिलवरून थोड्या प्रती काढलेला) मराठी अहवाल, मोहिमेच्या निधीसाठी काढलेली जाहिरातींची स्मरणिका, नेत्याची रोजनिशी, शिधायादी, हिशोबाची वही, तळावरून आलेली पत्रं यांची दुसरी प्रत जगात कुठेही नसेल. ती खोलीबाहेर जाणार नाहीत. अध्यक्षांनी मागितली तरी नाहीत. हा एकच नियम कडक ठेवा, बाकीचे सैल चालतील.

मधला गट अवघड असतो: छपाई बंद झालेली मराठी पुस्तकं. त्यांची दुसरी प्रत मिळवायचा प्रयत्न करा. ज्येष्ठ सभासदांच्या घरी हमखास असते. मिळाली की धड प्रत दफ्तरात आणि खिळखिळी प्रत देवघेवीत. एकच असेल तर तूर्त दफ्तरात.

या निवडीत तरुण मंडळींना मुद्दाम बसवा. हिशोबाच्या वह्या, शिधायाद्या पाहून ते म्हणतील, हे कशाला ठेवायचं? तेव्हा त्यांना अयशस्वी मोहिमेचा एखादा अहवाल वाचायला द्या. छापील पुस्तकं बहुतेक शिखरावर पोचलेल्यांची असतात. आपण जिथून परत फिरलो ती जागा, त्यामागचं कारण, त्या दिवशीची हवा, दोर कुठे कमी पडला, रॉकेल किती दिवसांत संपलं, हे पुस्तकात येत नाही, अहवालात येतं. त्याच खोऱ्यात पुन्हा जाणाऱ्याला नेमकं हेच हवं असतं. १९८८ साली वसंत लिमये यांच्या नेतृत्वाखाली कांचनजंगाची नागरी, म्हणजे लष्कराबाहेरच्या गिर्यारोहकांची, मोहीम महाराष्ट्रातून गेली, १९९८मध्ये सुरेंद्र चव्हाण एव्हरेस्टवर पोचले, २०१९मध्ये पुण्याच्या गिरिप्रेमी संस्थेचा संघ कांचनजंगावर गेला. ही ठळक नावं नोंदली गेली आहेत आणि राहतील. पण त्या पातळीला माणसं पोचली ती आधीच्या कितीतरी छोट्या मोहिमांच्या खांद्यावरून, आणि त्या मोहिमांचे कागद तुमच्यासारख्या संस्थांच्या कपाटांतच आहेत. तुमच्याकडून गेले की गेले.

आता देवघेवीकडे येतो, कारण माझं सगळ्यात ठाम मत याबद्दल आहे. चढणाऱ्यांना पुस्तक देणं ही इतिहास जपण्याच्या कामातली अडचण नाही. इतिहास आत येण्याचा तो मुख्य रस्ता आहे. कुलूपबंद संग्रहाकडे कुणी येत नाही, म्हणून त्यात नवीन काही पडत नाही. दहा वर्षांनी तो संग्रह एका पिढीपाशी थांबलेला दिसतो. ज्या टेबलावर पुस्तक द्यायला-घ्यायला माणसं येतात, तिथे ती बोलतात, आणि जे बोलतात ते लिहून घेता येतं.

काठमांडूच्या एलिझाबेथ हॉले यांचं उदाहरण द्यावंसं वाटतं. त्या स्वतः गिर्यारोहक नव्हत्या, पत्रकार होत्या. १९६०मध्ये काठमांडूत राहायला आल्या आणि २०१८मध्ये वारल्या तोपर्यंत तिथेच होत्या. नेपाळमध्ये येणाऱ्या मोहिमांना त्या जाण्याआधी भेटायच्या आणि परतल्यावर पुन्हा भेटायच्या. कोणत्या वाटेने गेलात, कोण किती उंचीपर्यंत पोचलं, कोणत्या दिवशी, हे नेटाने विचारून लिहून घ्यायच्या. त्या नोंदींतून हिमालयन डेटाबेस उभा राहिला, आणि आज नेपाळमधल्या शिखरांबद्दल कोणताही दावा तपासायचा तर लोक तिथे जातात. परतल्यावर लगेच विचारलं, हे त्या कामाचं बळ. वर्षभराने माणूस तारीख विसरतो, पाच वर्षांनी वाट विसरतो, आणि वीस वर्षांनी त्याची एक गोष्ट तयार झालेली असते.

हे तुमच्या टेबलावर करता येतं. पुस्तक किंवा नकाशा नेणाऱ्याला एक छापील कागद द्यायचा, अर्ध्या पानाचा. कुठे चाललात, कोण कोण, कधी. परत करताना दुसरा अर्धा भाग भरायचा: वाट पुस्तकात लिहिल्याप्रमाणे होती का, काय बदललं, पाणी कुठे मिळालं, कड्यावर कोणते बोल्ट (दोर अडकवायला कातळात ठोकलेले खिळे) अजून आहेत, गावात कुणी मदत केली. पुस्तक परत घेताना समोर बसवून भरून घ्यायचा. ‘नंतर पाठवतो’ म्हणणारा पाठवत नाही, हा माझा सर्वत्र आलेला अनुभव आहे. हे कागद वर्षवार बांधून ठेवले की काही वर्षांत तुमच्याकडे त्या-त्या सुळक्याचा आणि त्या-त्या खोऱ्याचा असा वृत्तांत जमतो जो कुठल्याही पुस्तकात नाही.

गावातल्या माणसाचं नाव त्या कागदावर आग्रहाने लिहून घ्या. आपल्या जुन्या सह्याद्री अहवालांत ‘गावातला एक वाटाड्या घेतला’ असं वाक्य पुन्हा पुन्हा येतं आणि त्याचं नाव नसतं. हिमालयन क्लबने १९३०च्या दशकात दार्जिलिंगला शेर्पांची क्रमांकवार नोंद ठेवली. प्रत्येकाजवळ वही असायची, तिच्यात मोहिमेचा नेता शेरा लिहायचा. त्या नोंदींमुळेच कित्येक शेर्पांनी कुठे काय काम केलं हे आज सांगता येतं. आपल्याकडे दोर वाहून नेणाऱ्या, कड्याखाली रात्र काढणाऱ्या ठाकर आणि महादेव कोळी गड्यांची अशी नोंद क्वचितच झाली. ती आता सुरू करता येईल.

जगातल्या मोठ्या गिर्यारोहण ग्रंथालयांनी हा प्रश्न कसा सोडवला तेही पाहण्यासारखं आहे. लंडनचा अल्पाइन क्लब १८५७चा, जगातला पहिला. त्यांचं नियतकालिक १८६३पासून निघतं. त्यांचं ग्रंथालय क्लबपासून वेगळ्या धर्मादाय संस्थेच्या नावावर आहे. मला हा विचार फार पटतो. संस्थेत भांडणं होतात, समित्या बदलतात, कधी फूट पडते, अशा वेळी कागद कुणाचे हा वाद निघता कामा नये. तुम्हाला वेगळा न्यास परवडणार नाही कदाचित. पण ‘हा संग्रह संस्थेचा आहे, संस्था बंद झाली तर तो अमुक ठिकाणी जाईल’ असा ठराव सर्वसाधारण सभेत करून इतिवृत्तात नोंदवून ठेवा. त्याला खर्च नाही.

अमेरिकन अल्पाइन क्लब १९०२चा. त्याचं ग्रंथालय कोलोरॅडोतल्या गोल्डन गावात आहे, एका जुन्या शाळेच्या इमारतीत. ते सभासदांना टपालाने पुस्तकं पाठवतात, चढाईच्या मार्गदर्शिकासुद्धा. देश मोठा, सभासद विखुरलेले, ग्रंथालयापर्यंत येणार कोण? म्हणून ग्रंथालयच घरी जातं. दुर्मीळ संग्रह मात्र वेगळा, जागेवर बसून पाहायचा. म्हणजे वर मी सांगितली तीच विभागणी. आपल्याकडे मुंबईचा, पुण्याचा, कोल्हापूरचा गिर्यारोहक तुमच्या नाशिकच्या खोलीत पुस्तकासाठी यायचा नाही. अनामत घेऊन टपालाने पाठवायची सोय केलीत तर येईल तो वाचक या विषयाचा खरा भुकेला असेल.

नियम बनवताना नेहमीच्या वाचनालयाची पंधरा दिवसांची मुदत उचलू नका. हिमालयात जाणारा संघ तयारी महिनोन्‌महिने करतो आणि मोहीमच महिनाभराची असते. सह्याद्रीतला चढणारा मात्र नोव्हेंबर ते फेब्रुवारीत पुस्तक मागतो, आणि सगळे तेच मागतात. म्हणून हिमालयाच्या पुस्तकांना तीन महिने, सह्याद्रीच्या मार्गदर्शिकांना हंगामात आठ-दहा दिवस, असं काहीतरी ठेवा. दंड मी कधी लावला नाही. अनामत पुस्तकाच्या किमतीच्या दुप्पट घेतली की पुस्तकं परत येतात. तुमच्याकडे पैसे सांभाळायला खजिनदार तयार नसेल तर मात्र दोन सभासदांची हमी घ्या.

देवघेवीत एक धोका आहे आणि तो गंभीर आहे. चुकीचं पुस्तक चुकीच्या वेळी हातात पडलं तर माणूस पडू शकतो. सह्याद्रीचा बेसाल्ट आणि आपला पाऊस यांत जुने बोल्ट, पिटॉन गंजतात. चाळीस वर्षांपूर्वीच्या वर्णनात ‘इथे भक्कम बोल्ट आहे’ असं लिहिलेलं असतं, तो आज दिसायला असेल पण भार घेणार नाही. हिमालयात हिमनद्या मागे हटल्या आहेत, जिथून पूर्वी बर्फावरून सरळ जाता यायचं तिथे आता सैल दगडांचे उतार आहेत. काही मुलूख तर बंदच झाले. गढवालमधल्या नंदादेवीभोवतीच्या, शिखरांनी वेढलेल्या खोऱ्यात शिप्टन आणि टिलमन हे ब्रिटिश गिर्यारोहक १९३४मध्ये ऋषिगंगेच्या घळीतून शिरले, १९३६मध्ये टिलमन आणि ओडेल शिखरावर गेले. १९८२मध्ये तिथे राष्ट्रीय उद्यान झालं आणि त्यानंतर आतला भाग गिर्यारोहकांना बंद झाला. ती वर्णनं वाचून कुणी बेत आखला तर परवानगीपाशीच अडेल. म्हणून मार्गदर्शिका आणि अहवालांच्या आतल्या पानावर एक चिठ्ठी लावा: ‘ही माहिती अमुक वर्षाची आहे. बोल्ट, पाणी, वाट आणि परवानगी स्वतः तपासा.’ शक्य असेल तर त्याच चिठ्ठीवर परत आलेल्यांच्या कागदांचा संदर्भ द्या. जुन्या आणि नव्या माहितीची गाठ इथे पडते.

अपघातांच्या कागदांबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण तुमच्या संग्रहात ते निघतीलच. अमेरिकन अल्पाइन क्लब १९४८पासून दरवर्षी अपघातांचा वृत्तांत छापतो. काय घडलं, का घडलं, काय टाळता आलं असतं. आपल्याकडे अपघातावर शोकसभा होते आणि मग गप्प बसतात, त्यामुळे त्याच जागी तीच चूक होते. हे कागद फाडू नका, आणि उघड्यावरही ठेवू नका. नावं, पोलीस जबाब, घरच्यांची पत्रं असलेली पाकिटं बंद करून त्यावर ‘अमुक वर्षापर्यंत समितीच्या परवानगीने’ असं लिहा. त्यातला तांत्रिक भाग, म्हणजे दोर कुठे घासला, अँकर, म्हणजे दोर बांधायचा आधार, कसा होता, तो नावं काढून वेगळा टंकून चढणाऱ्यांसाठी ठेवा. घरच्यांशी आधी बोलून घ्या. माझा अनुभव असा की बहुतेक घरं हो म्हणतात. आपल्या माणसाच्या जाण्यातून दुसऱ्या कुणाचा मुलगा वाचावा असं त्यांना मनापासून वाटत असतं.

आता पावसाळा. आपल्या भागात कागदाचा सगळ्यात मोठा शत्रू चोर नाही, जून ते सप्टेंबर आहे. हवेतली सापेक्ष आर्द्रता पासष्ट टक्क्यांच्या वर बरेच दिवस राहिली की बुरशी धरते, आणि घाटमाथ्यावर पावसाळ्यात ती ऐंशी-नव्वदच्या घरात असते. पहिली खरेदी आर्द्रतामापकाची करा. स्वस्त डिजिटल मापक पुरतो. एक कपाटात, एक बाहेर. लोखंडी कपाट चांगलं, पण भिंतीला चिकटवू नका, चार बोटं अंतर ठेवा, आणि खाली विटा किंवा लाकडी फळ्या देऊन जमिनीपासून उचला. पाऊस चालू असताना ‘हवा लागू दे’ म्हणून कपाट उघडू नका, तेव्हा ओलच आत जाते. पाऊस लागण्यापूर्वी मेअखेरीला कोरड्या दिवशी उघडून, झटकून, मग बंद करा. दफ्तरातले कागद घट्ट झाकणाच्या प्लास्टिकच्या पेट्यांत सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवा. पुड्या रंग बदलणाऱ्या घ्या, म्हणजे कधी तापवून पुन्हा वापरायच्या ते कळतं.

जुन्या दफ्तरखान्यांत कागद सुती रुमालांत बांधून ठेवत. पुण्याच्या पेशवे दफ्तरातल्या कागदांचे रुमाल प्रसिद्धच आहेत. ती पद्धत आजही उत्तम. धुतलेलं, खळ काढलेलं मांजरपाट घ्या, त्यात अहवाल बांधा, बरोबर वेखंडाची पुरचुंडी ठेवा. डांबराच्या गोळ्या नकोत. त्यांचा वास सांभाळणाऱ्याला बाधतो आणि बुरशीवर त्यांचा काही परिणाम होत नाही. कसर लागलेलं पुस्तक आलं तर हवाबंद पिशवीत घालून उणे अठरा-वीस अंशांच्या फ्रीझरमध्ये दोन आठवडे ठेवा. बाहेर काढल्यावर पिशवी दिवसभर उघडू नका, नाहीतर थंड कागदावर पाणी धरतं. वाळवी असेल तर पुस्तकाचा इलाज करून भागणार नाही, खोलीचा करावा लागेल.

सेलोटेप कशालाही लावायची नाही. तिचा डिंक पिवळा होऊन कागदात उतरतो आणि अक्षरं घेऊन जातो. लॅमिनेशनही नाही, कारण ते पुन्हा काढता येत नाही. फाटलेला कागद तसाच, स्वच्छ कागदाच्या घडीत ठेवा. नीट दुरुस्ती करणारा भेटेपर्यंत तो थांबू शकतो. फक्त एक कागद थांबू शकत नाही: फॅक्सचा. १९९०च्या दशकातल्या मोहिमांनी रस्त्याच्या शेवटच्या गावातून, काठमांडूतून, दिल्लीतून फॅक्स पाठवले, ते उष्णतेने उमटणाऱ्या कागदावर आहेत आणि रोज फिके होताहेत. ट्रंकेत असा गुळगुळीत, गुंडाळी होणारा कागद दिसला की त्याच दिवशी फोटो काढा आणि साध्या कागदावर प्रत काढा.

स्लाइडबद्दल थोडं सविस्तर. डबा उघडल्याबरोबर स्लाइड बाहेर काढू नका. ज्या क्रमाने त्या लावल्या आहेत तो बहुधा त्या माणसाच्या व्याख्यानाचा क्रम असतो, आणि तो क्रमच मोहिमेची गोष्ट सांगतो. आधी डब्याचा फोटो, मग चौकटीच्या कडेला मऊ पेन्सिलने क्रमांक, मग बाहेर. चौकटीवर हाताने लिहिलेलं असतं: शिखर, तळ क्रमांक दोन, तारीख. चित्राबरोबर तेही टिपून घ्या, ते नसेल तर बर्फाचा उतार हा कुठलाही बर्फाचा उतार असतो. कोडाक्रोम (कोडॅकची जुनी रंगीत फिल्म) असतील तर नशीबवान आहात, अंधारात त्यांचे रंग चांगले टिकतात, मात्र प्रोजेक्टरच्या प्रकाशात लवकर उडतात. मूळ स्लाइड पुन्हा पडद्यावर दाखवू नका. बुरशीची जाळी दिसली तर ओल्या फडक्याने पुसू नका, आधी स्कॅन करा. आणि डब्यातून आंबूस, व्हिनेगरसारखा वास आला तर तो डबा बाकीच्यांपासून ताबडतोब वेगळा करा. ती फिल्म विघटत असते आणि तिची वाफ शेजारच्या फिल्मलाही लागते.

स्कॅनिंगचा उत्साह मला आवडतो, फक्त क्रम चुकू देऊ नका. जे आधीच कुणी स्कॅन केलं आहे, म्हणजे हिमालयन जर्नल, अमेरिकन अल्पाइन जर्नल वगैरे, त्यावर एक तासही घालवू नका. जे फक्त तुमच्याकडे आहे तिथून सुरुवात करा आणि त्यातही जे आधी नष्ट होईल तिथून: फॅक्स, व्हिडिओ कॅसेट, बुरशीच्या स्लाइड, मग सायक्लोस्टाइल. कागदांना तीनशे ते चारशे डीपीआय (दर इंचाला टिपलेले ठिपके) पुरतं, स्लाइडला तीन हजारांच्या आसपास. तीन प्रती ठेवा, त्यातली एक दुसऱ्या गावी, आणि दरवर्षी उघडून पाहा की उघडते का. नुसती हार्ड डिस्क कपाटात ठेवली म्हणजे जतन झालं असं नाही.

स्कॅन केलेलं सगळ्यांना पाठवायचं का? इथे सावध राहा. आपल्या १९५७च्या कॉपीराइट कायद्यानुसार लेखकाच्या निधनानंतर साठ वर्षं हक्क त्याच्या वारसांकडे असतो, आणि २०१२च्या दुरुस्तीनंतर छायाचित्रांनाही तोच हिशोब लागतो. मूळ प्रत जवळ असेल तर जतनासाठी डिजिटल प्रत ठेवायची मुभा अव्यावसायिक सार्वजनिक ग्रंथालयाला आहे. तुमचं केवळ सभासदांचं ग्रंथालय त्यात बसतं का, हे वकिलाला विचारा. ती मुभा जतनाची आहे, छापील पुस्तकाची पीडीएफ व्हॉट्सअ‍ॅपवर फिरवायची नाही. अहवालांचं सोपं आहे: लिहिणारे बहुतेक हयात आहेत, तुमचेच आहेत, त्यांच्याकडून दोन ओळींचं संमतिपत्र घ्या आणि मग मोकळेपणाने वाटा.

नकाशांचं वेगळं. ज्यावर ‘रिस्ट्रिक्टेड’ असा शिक्का आहे तो उधार देऊ नका, फोटो काढून पाठवू नका, आणि तो संस्थेकडे कोणत्या अटीवर आला हे जुन्या पत्रव्यवहारात शोधा. आज वापरायला सर्व्हे ऑफ इंडियाच्या खुल्या मालिकेचे १:५०,००० नकाशे मिळतात, चढणाऱ्याला तेच द्यावेत. बिनशिक्क्याचे जुने इंची (मैलाला एक इंच प्रमाणाचे) नकाशे मात्र जपा. कोयनेचं धरण होण्यापूर्वीच्या नकाशावर शिवसागराच्या पाण्याखाली गेलेली गावं आणि त्या गावांतून घाटावर चढणाऱ्या वाटा दिसतात. तसली वाट पुन्हा शोधायची तर तोच आधार. नकाशा घडी घालून ठेवू नका, घडीवर फाटतो. सपाट ठेवा, जागा नसेल तर जाड नळीवर गुंडाळा.

वर्गीकरणात फार अडकू नका. ग्रंथालयांत वापरल्या जाणाऱ्या ड्युईच्या पद्धतीत गिर्यारोहण ७९६.५२२मध्ये जातं, पण हिमालयाचं प्रवासवर्णन ९१५मध्ये आणि गिर्यारोहकाचं चरित्र तिसरीकडेच. मग गढवालला जाणाऱ्याला तीन कपाटं हिंडावी लागतात. छोट्या संग्रहात डोंगररांगेनुसार लावा: सह्याद्री, हिमाचल, गढवाल, कुमाऊँ, नेपाळ, सिक्कीम, काराकोरम, आल्प्स, तंत्र आणि साधनं, चरित्रं. पुरे. यादी साध्या स्प्रेडशीटमध्ये करा, फक्त नावांचा घोळ आधी मिटवा. लोणावळ्याजवळचा ड्यूक्स नोज म्हणजेच नागफणी, जीवधनजवळचा वानरलिंगी म्हणजेच खडा पारशी, के-टू म्हणजेच चोगोरी, आणि कांचनजंगा तर रोमन लिपीत पाच तऱ्हांनी लिहितात. एक नाव मुख्य धरा, बाकीची शेजारच्या रकान्यात टाका. शोधणारा कुठल्याही नावाने आला तरी त्याला वस्तू सापडली पाहिजे. वर्षातून एकदा साठा पडताळायला दसऱ्याचा आठवडा घ्या. पाऊस ओसरलेला असतो, दोर आणि साहित्य बाहेर काढून पूजा होतेच, माणसं आपोआप जमलेली असतात.

इथवरचं एकत्र करायचं तर: दुसरी प्रत मिळते का यावरून दोन भाग, एकमेव कागद खोलीबाहेर नाही, बाकी सगळं मोकळ्या हाताने चढणाऱ्यांना, आणि परत येणाऱ्या प्रत्येकाकडून अर्धं पान.

ट्रंका घेताना घाई करू नका, पण पावसाआधी घ्या. घरच्यांसमोर उघडा. संस्थेचे कागद आणि घरगुती पत्रं त्यांनाच वेगळी करू द्या, त्यांना जे ठेवायचं असेल ते आनंदाने ठेवू द्या, फक्त फोटो काढायची परवानगी मागा. मग एक साधं देणगीपत्र करा: काय दिलं, कायमचं दिलं की सांभाळायला, छापायची परवानगी आहे का, काही काळ बंद ठेवायचं आहे का. हे पत्र नसेल तर पंधरा वर्षांनी नातू येऊन मागतो आणि तुमच्याकडे उत्तर नसतं. फोटोंतली माणसं ओळखायला त्या सभासदाच्या बरोबरीच्या दोघातिघांना एका दुपारी बोलवा आणि त्यांचं बोलणं ध्वनिमुद्रित करा. हे काम पुढच्या वर्षावर टाकू नका, ती माणसं सत्तरी-ऐंशीतली आहेत.

राहिला शेवटचा प्रश्न, मोठ्या ग्रंथालयाला द्यावं का. तुमच्याकडे पुढची दहा वर्षं हे बघतील अशी किमान दोन माणसं आहेत का आणि कोरडी खोली आहे का, यावर ते ठरेल. एकाच माणसाच्या जिवावर चालणारा संग्रह त्या माणसाबरोबर संपतो. दोन्ही असतील तर स्वतः ठेवा, कारण सह्याद्रीचा चढणारा तुमच्याजवळ राहतो, दिल्लीत नाही. नसतील तर संकोच न करता द्या. हिमालयन क्लबसारख्या संस्थेनेही आपलं ग्रंथालय दिल्लीच्या इंडिया इंटरनॅशनल सेंटरमध्ये ठेवलं आहे, आणि ते तिथे नीट सांभाळलं जातं. द्यायचं ठरलं तर पाच गोष्टी पाळा. आधी संपूर्ण यादी करा. एकमेव कागदांचे स्कॅन स्वतःकडे ठेवा. संग्रह तुकड्यांत वाटू नका, एकाच ठिकाणी आणि संस्थेच्या नावाने द्या. तो तुमच्या सभासदांना पाहता येईल हे लेखी घ्या. आणि घेणाऱ्यांना मराठी वाचता येणारा कर्मचारी आहे का ते विचारा, नाहीतर तुमचे अहवाल ‘प्रादेशिक भाषा, इतर’ अशा खोक्यात न उघडता पडून राहतील. देवघेवीतली पुस्तकं मात्र त्या ग्रंथालयाला देऊ नका, ती नाशिकमध्येच हवीत.